बेस गिटार विकणे आहे

बालाघाट
४ नोव्हेंबर १९७३

ताईस भैयालालचा जयभीम.

तुह्या कार्डाचं उत्तर द्याले उशीर झाला, रागवू नको. दिवसा ऑफिस आन संध्याकाळी प्रॅक्टिस राह्यते. कायची प्रॅक्टिस, त सांगून टाकतो. वकीलसाहेबाच्या पोट्ट्यानं, मधूनं, ऑर्केस्ट्रा काढला, आन मी त्याच्यात बेस गिटार वाजवून राह्यलो. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. लोक गाणं ऐकतात तवा तिच्याकडं कोनाचं ध्यान नसते, पण ती बंद केली का सबन गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते.

आतापर्यंत मधूच्या दोस्ताची गिटार होती, थो बदली होऊन जबलपूरले चालला. आता नागपूरले, तुह्या कॉलेजच्या जवळच्या रेल्वे क्वार्टरात एक गार्डसाहेब हाये. थो कायमचा ऑस्ट्रेलियाले चालला, आन आपली बेस गिटार आन अ‍ॅम्प्लिफायरची पेटी विकून राह्यला. दोन्ही जुने. मले सुट्टी नाही. तू फिजिक्सवाली, तुले वायरी समजतात. पाहून येशीन का? नाही त पाण्यातल्या म्हशीचं मोल केल्यावानी होईन.

बाबाले यातलं काही मालूम नाही. सांगजो नको.

तुहा भैयालाल

*

नागपूर
९ नोव्हेंबर १९७३

प्रिय भैयालाल,

सप्रेम जयभीम. तुझ्या पत्रातील भाषेविषयी मी याही वेळी काही लिहीत नाही. लिहू लागले तर मूळ विषय राहून जाईल.

दीक्षा घेऊन बाबा नागपुराहून परतले, तेव्हा तू इतका लहान होतास की तुला फक्त त्या दिवशीची खीर आठवत असेल. मला बाबांनी डफडे चुलीत घातलेले आठवते. आपल्यापैकी कोणीही यापुढे कोणाच्या दारात वाजवणार नाही, असे त्या आठवड्यात साऱ्या वस्तीने ठरवले. ते दारातले वाजवणे काय असते, हे तू पाहिलेले नाहीस. गावाचा धनी असलेल्या मालगुजाराकडे लग्न असले की बाबा मांडवाबाहेर उन्हात उभे असत. शेवटची पंगत उठल्यावर जे उरेल, ते फडक्यात बांधून घरी आणत. मी ते खाल्ले आहे. ते सारे सोडून बाबा खाणीत मॅंगनीज वाहायला गेले, म्हणून आज मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते आणि तू सरकारी कचेरीत खुर्चीवर बसतोस.

आणि आता तू लग्नांतून वाजवणार! ऑर्केस्ट्रा हा शब्द इंग्रजी आहे एवढ्याने काम बदलत नाही.

मी त्या गार्डाकडे जाणार नाही.

तुझी ताई,
अंजना

*

बालाघाट
१२ नोव्हेंबर १९७३

ताईस जयभीम.

ऑर्केस्ट्रा म्हणजे डफडं नव्हे. आमच्यात वकिलाचा पोट्टा हाये, मास्तराचा हाये, सबन बरोबरीनं वाजवतात. मी पोटासाठी वाजवत नाही. दिवसभर फायली शिवतो, आन संध्याकाळी चार तारा हातात घेतल्या का मले वाटते, मी बी कोनी हावो.

गार्डसाहेब येत्या आठवड्यात चालला. तुले जाचं नसन त नको जाऊ. मी न पाहताच मागवून घेतो.

भैयालाल

*

नागपूर
१८ नोव्हेंबर १९७३

प्रिय भैयालाल,

सप्रेम जयभीम. ‘न पाहताच मागवून घेतो’ हे वाक्य वाचून मी गेले. तुझ्या छंदासाठी गेले असा समज करून घेऊ नकोस. न तपासता वस्तू घेण्याची पद्धत आपल्या घरात रुजू नये, एवढाच माझा हेतू होता.

गिटार विलायती आहे. जेथे वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो, तेथील रोगण पार उडाले आहे. मानेवर पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत दोरा ताणून धरला, तर मध्ये फट दिसली. म्हणजे मान वाकलेली. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. मी गार्डसाहेबांकडून तिची किल्ली मागून घेतली आणि मान दोऱ्याइतकी सरळ केली. ते मध्येच काही सांगू पाहत होते. मी त्यांना थांबवले.

अ‍ॅम्प्लिफायरची अवस्था याहून वाईट होती. चालू करताच पेटी नुसती घुमत राही. मागची फळी उघडली, तेव्हा एक कंडेन्सर फुगलेला आढळला. तो सीताबर्डीवरून आणून बदलला. शिवाय प्लग दोन पिनींचा! अशा पेटीला जोडलेल्या तारांना हात लावून, ओल्या पायांनी उभे राहणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. मी तीन पिनींचा बसवला आहे. जेथे अर्थिंग नसेल तेथे तू वाजवायचे नाहीस, मग समोर कोणीही बसलेले असो.

नंतर गार्डसाहेबांनी वाजवून दाखवले. त्यांची पत्नी ट्रंका भरत होती, ती हातातले कपडे तसेच धरून उभी राहिली. माझ्या कपातील चहावर बारीक वलये उठली. कंपनसंख्या सेकंदाला पन्नासच्या आसपास असावी. याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

दोन्ही वस्तू घेतल्या आहेत. डोमाजीमामा परवा तुमसर-कटंगीच्या बसने निघतील, त्यांच्याबरोबर पाठवते.

तुझी ताई,
अंजना

*

बालाघाट
२ डिसेंबर १९७३

ताईस जयभीम.

सामान पोहचलं. तू गेलीस, बस, मले आनखी काही नाही पायजे. पेटीचा आवाज असा साफ का मधू दोन घडी बोललाच नाही, आन मधूनं न बोलणं म्हणजे समजून घे.

पण एक गडबड हाये. मान काठीवानी सिधी हाये, तरी कोनती बी तार छेडली का ती पट्ट्यायले लागून झर्रर्र करते. काहून?

तारा बी जुन्या, मेलेल्या. नव्या इकडे भेटत नाहीत. मधू म्हणे, उकळून पाह्य, मळ निघते आन तारा जित्या होतात. म्हणून मी चुलीवर मायच्या गंजात पाणी ठेवलं. माय आली.

“काय शिजवून राह्यला रे?”

“तारा.”

“मीठ टाकू का?” मंग तिनं गंज पाह्यला. “अरे माह्या वरणाचा गंज हाये थो! आता याच्यातलं वरण कोन खाईन, तुहा मधू?”

मी हासत होतो, तितक्यात मागं बाबा उभे! ड्यूटी लवकर सुटली होती. त्यायनं गिटार पाह्यली, पेटी पाह्यली, पेटीवर हात ठेवला. मले वाटलं आता फुटते काहीतरी. पण त्यायनं येवढंच इचारलं, “तुमी कुठं बसता?”

मी म्हटलं, “कुठं बी बसतो बाबा. जिथं बटन असन तिथं. वायर पुरली पायजे.”

बाबा बालटी घेऊन विहिरीवर चालले गेले. रागावले का, ताई?

भैयालाल

*

नागपूर
८ डिसेंबर १९७३

प्रिय भैयालाल,

सप्रेम जयभीम. आधी मानेविषयी. तार कंप पावते तेव्हा तिचा सर्वांत मोठा झोका मध्यभागी असतो. म्हणून मध्यभागी तिला जागा लागते. हे चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढते, आणि वाद्य हातात आल्यावर नेमके तेच विसरले. किल्लीने सळई पाव फेरा उलट फिरव. मान किंचित वाकलेलीच असावी लागते. गार्डसाहेबांना बहुधा हेच सांगायचे होते.

आता बाबा. ते रागावलेले नाहीत. त्यांचा प्रश्न तुला कळला नाही, आणि तू त्यांना बटण आणि वायर सांगितलीस! मांडवाच्या आत की बाहेर, इतरांच्या बरोबरीने की वेगळे, हे ते विचारत होते. एवढेच विचारायला त्यांना किती जड गेले असेल, याची कल्पना कर.

त्यांना नीट उत्तर दे. मात्र ते उत्तर खरे असले पाहिजे. त्यासाठी मधूशी आधी स्पष्ट बोलून घे. कार्यक्रम ठरवतानाच त्याने यजमानांना सांगायला हवे.

आईला नवा गंज घेऊन दे.

तुझी ताई,
अंजना

*

बालाघाट
६ जानेवारी १९७४

ताईस जयभीम.

सळई फिरवली आन तार मोकळी झाली. काय आवाज हाये, ताई! कटंगीच्या कार्यक्रमात मागच्या रांगेतला म्हातारा म्हणे, छातीत कोनी उखळ कुटून राह्यलं का?

बाबाले सांगितलं: स्टेजवर, मांडवाच्या आत, सबनच्या संग. बाबा म्हणाले, “हौ का?” आन मायले म्हणाले, चहा कर.

मधूले काही इचारलं नाही. कायले इचारू? थो माह्या ताटात जेवते. तू अजून छप्पनच्या सालात बसून हायेस, इकडे चौऱ्याहत्तर लागलं.

भैयालाल

*

बालाघाट
१९ मे १९७४

ताईस जयभीम.

वस्तीतला वसंता नागपूरले येऊन राह्यला, त्याच्या हाती गिटार आन पेटी पाठवतो. विकून टाक. जे येईन त्याच्यात विक.

लालबर्र्याकडं एका मालगुजाराच्या घरचं लग्न होतं. आमी सामान लावलं, मी तारा मिळवून राह्यलो होतो. एक म्हातारा काठी टेकत आला आन माह्या तोंडाकडं पाहत राह्यला. म्हणे, “हा पुनारामचा नव्हे का? बापाची जिनगी आमच्या दारात वाजवण्यात गेली, हा मांडवात कसा चढला?” कोनी हासलं नाही. कोनी काही बोललं बी नाही.

मंग मधू माह्या कानाशी आला. “यार, आज के दिन गेट के पास बैठ जा. तेरा वायर तो लंबा है.”

ताई, थो वायर मीच लांब करून घेतला होता.

मी प्लग काढला. पेटी उचलून सडकेपर्यंत आणली, धानाच्या ट्रकवर बसून घरी आलो. बाबाले सांगितलं का पेटी बिघडली, ताईकडं रिपेरीले पाठवून राह्यलो. बाबा तिच्याकडं पाहत राह्यले.

तू म्हटलं होतं. आता आनखी नको म्हणू.

भैयालाल

*

नागपूर
२४ मे १९७४

प्रिय भैयालाल,

सप्रेम जयभीम. वसंताने दोन्ही वस्तू सुखरूप आणून दिल्या.

मी काहीच म्हणणार नाही. तेथे करण्यासारखी एकच गोष्ट होती, प्लग काढणे, आणि ती तू केलीस. मधूविषयी माझे मत काय झाले असेल ते तू जाणतोस. कागद खराब करत नाही.

तुझी इच्छा असेल तर विकते. वर्तमानपत्रात ‘बेस गिटार विकणे आहे’ अशी जाहिरात दिली आहे. जेवत जा. आईने लिहवून घेतलेल्या कार्डावरून कळले की तू जेवत नाहीस.

तुझी ताई,
अंजना

*

बालाघाट
१४ जुलै १९७४

ताईस जयभीम.

दोन महिने होत आले. कोनी गिऱ्हाईक आलं का नाही? इतका चांगला माल हाये. मधूशी मी बोलत नाही. संध्याकाळी काय करावं समजत नाही, म्हणून ऑफिसातच बसून राह्यतो.

भैयालाल

*

नागपूर
२० जुलै १९७४

प्रिय भैयालाल,

सप्रेम जयभीम. गिऱ्हाइके आली. तिघे आले.

पहिला एका हॉटेलात वाजवतो. त्याला मी प्रारंभीच सांगितले की सातव्या पट्टीची कड झिजली आहे, तेथे सर्वांत जाड तार दाबली तर कान तयार असलेल्या माणसाला किंचित खरखर ऐकू येते. त्याला ती ऐकू आली नाही. ती ऐकू येईपर्यंत मी त्याला पुन्हा पुन्हा वाजवायला लावले. तो पुन्हा येतो म्हणून गेला.

दुसरा फक्त पेटी मागत होता. पेटीतले व्हॉल्व्ह जुने असून त्यांचे उरलेले आयुष्य मोजून सांगण्याचे साधन माझ्याजवळ नाही, हे मी त्याला समजावले. स्पीकरच्या कागदाला एका जागी मी डिंकाने ठिगळ लावले आहे, तेही फळी उघडून दाखवले. तो म्हणाला, “बाई, तुम्हाला विकायची आहे ना?” मला हा प्रश्न उर्मट वाटला.

तिसरा आपल्या मुलासाठी पाहायला आला होता. अर्थिंग म्हणजे काय हे सांगून होईपर्यंत तो उठला.

दोष लपवून वस्तू विकणे मला जमणार नाही. दरम्यान ओलाव्याने तारांना गंज चढू नये म्हणून मी त्या दर रविवारी पुसून, किंचित सैल करून ठेवते.

तुझी ताई,
अंजना

*

बालाघाट
११ ऑगस्ट १९७४

ताईस जयभीम.

तू गिटार विकून राह्यली का तिची राखण करून राह्यली? तुह्यासारखा दुकानदार असता त बालाघाटच्या बाजारात भाजी सडली असती. मायले वाचून दाखवलं, थे हासून हासून पाटावरून पडली.

आता दुसरी गोष्ट. मधू घरी आला. मी आत निघून गेलो. बाबा खाटेवर होते. मधू उभाच.

“बस ना बापू,” बाबा म्हणाले.

मधू बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं लग्नातलं सबन सांगून टाकलं. मी दाराआड उभा. मले वाटत होतं बाबाले पेटी बिघडली हेच मालूम हाये.

बाबानं शांतपणानं ऐकलं. मंग इचारलं, “तो निघून गेल्यावर तुमी वाजवलं?”

“वाजवलं, काका.”

“कसं झालं?”

“बेकार. सबन पोकळ.”

“आन जेवले?”

मधूनं मान खाली घातली. “जेवलो, काका.”

“खरं बोलला, बरं केलं,” बाबा म्हणाले. मंग मले हाक मारली. “भैया, बाहेर ये. पेटी बिघडली म्हणे ना तुही?”

मी दाराआडून बाहेर आलो.

बाबा म्हणाले, “पोट्ट्या, वाजवणं कोनं सोडलं होतं? म्या थ्या दारातलं उभं राहणं सोडलं. चुलीत घातलं तवा माहा हात जळाला नसन का? तुले वाजवू नको म्हणून कोनं सांगितलं? अंजनानं?”

मधू म्हणे, काका, आता ठरवतानाच आधी इचारीन, आन भैयाची खुर्ची आमच्यात नसन त आमी कोनीच जाणार नाही. बाबा म्हणाले, “थे तुमचं तुमी पाहा. पण पह्यले दीक्षेच्या दिवशी आमच्या वस्तीत वाजवा. आमी बी ऐकतो, काय वाजवता त. आन त्या दिवशी तू इथं जेवशीन, बापू.”

मंग मधू बसला.

ताई, मी अजून त्याच्याशी धड बोलत नाही. पण तारा मिळवाचं मन होऊन राह्यलं. गिटार विकली असन त सांग, मी काही म्हणणार नाही. नसन विकली त…

बाबा म्हणतात, अंजनाले लिही, मी स्टँडवर घ्याले येतो.

भैयालाल

*

नागपूर
१४ ऑगस्ट १९७४

प्रिय भैयालाल,

सप्रेम जयभीम. तुझे पत्र काल, मंगळवारी मिळाले. हे नमूद करते, कारण मी जे सांगणार आहे ते रविवारी घडले; तेव्हा बाबा काय म्हणाले हे मला ठाऊक नव्हते.

रविवारी चौथा आला. कामठीचा तरुण, बोटे वाजवणाऱ्याची. मी सातवी पट्टी सांगितली. “चालेल,” तो म्हणाला. व्हॉल्व्ह सांगितले. “चालेल.” ठिगळ दाखवले. मान जरा वाकलेली आहे असे म्हटले, तर हसून म्हणाला, “ती तशीच असावी लागते, बाई.” मग त्याने वाजवले, आणि चांगले वाजवले. माझ्याजवळ सांगण्यासारखा एकही दोष उरला नाही. त्याने पैसे टेबलावर ठेवले.

मी म्हणाले, “क्षमा करा, ही विकली गेली आहे.”

“केव्हा?”

“आज सकाळी.”

“मग इतका वेळ दोष कशाला सांगत होता?”

मी पैसे उचलून त्याच्या हातात ठेवले. प्रयोगाच्या वहीत एक आकडा बदलला म्हणून मी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढते. रविवारी मी माझ्याच खोलीत, दिवसाउजेडी, एका सज्जन माणसाच्या तोंडावर धडधडीत खोटे बोलले. तो जिना उतरून गेल्यावर मला वाईट वाटायला हवे होते. मी वाट पाहिली. वाटले नाही.

बाबांनी विचारले आहे, वाजवू नको असे अंजनाने सांगितले का? त्यांना सांग: हो, अंजनाने. आणि हेही सांग की ती स्वतः घेऊन येत आहे.

मधूविषयीचे मत मी बदललेले नाही. मात्र तो जेवलो म्हणाला, हे मी लक्षात ठेवीन.

शनिवारच्या बसने निघते. दोन तिकिटे काढली आहेत, दुसरे गिटारीचे. टपावर ती जाणार नाही. वाहक हसला तर हसू दे. पेटी मात्र टपावर टाकावी लागेल, ती उतरवताना तू स्वतः उभा राहा. बाबांनी स्टँडवर येण्याचे काही कारण नाही, पेटी जड आहे आणि त्यांच्या पाठीचे तुला ठाऊक आहे. पण ते येतीलच. आले तर त्यांना रागावू नकोस. पेटीला दोन्ही बाजूंनी मुठी आहेत. एक तू धर, दुसरी त्यांना धरू दे, आणि हळू चाला.

तुझी ताई,
अंजना